विलायती रीतीचं जहाज

आमच्या नेरूळच्या सोसायटीत सध्या मला 'बोटवाल्या मॅडम' म्हणून ओळखतात. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, क्रूझला जायचं तर कुठली कंपनी घ्यावी? तुम्ही ती ब्रिटिश पद्धतीची घेतलीत ना? कशी आहे?" मी तोंड उघडते तोवर लिफ्ट थांबते आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले आहे. खोली केवढी होती, जेवण कसं होतं, ते ओघाने येईलच. पण ती बोट आम्ही का निवडली आणि इतकी काळजीपूर्वक निवडूनही कशा फसलो, हे मला आधी सांगायचं आहे.

मी शमीम. वाशीच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आमचं गाव उरणकडचं, खाडीकाठचं. कोकणी मुसलमानांच्या त्या वस्तीत एके काळी घरटी एक माणूस जहाजावर असायचा. माझे अब्बा गोऱ्यांच्या एका कंपनीच्या प्रवासी जहाजांवर होते. खलाशी म्हणून चढले आणि टंडेल होऊन उतरले. टंडेल म्हणजे डेकवरच्या खलाशांचा दोन नंबरचा मुकादम, त्याच्या वर सारंग. वर्षातले दीड-दोन महिने ते घरी असायचे, बाकी सगळं पाण्यावर. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील ईदच्या चंद्रासारखे उगवतात आणि मावळतात. अम्माने आम्हा भावंडांना एकटीने वाढवलं. आता भाऊ आखातात आहेत आणि अम्मा-अब्बा माझ्याकडे.

गेल्या वर्षी अम्माच्या डोळ्यांचा पडदा झिजायला लागला. समोर पाहिलं की मधोमध धुरकट डाग दिसतो, कडेकडेचं तेवढं कळतं. औषधाने वेग कमी होईल पण थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दवाखान्यातून येताना रिक्षात तिने माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, "शमीम, मना एकदा जहाज बघायचंय. आतून. तुझा बाप जिथं र्‍हायला ती जागा. डोले हायेत तवर."

अम्मा मागणारी बाई नाही. आयुष्यात मागितलं ते एकदम जहाजच मागितलं! पण मला तिचं मन कळलं. तिला नुसतं जहाज बघायचं नव्हतं, अब्बांच्या शेजारी बसून बघायचं होतं. एवढा संसार झाला, पण दोघं शेजारी बसल्याचे दिवस मोजायला गेलं तर हाताला फार थोडे लागले असते.

वाशी

वाशीच्या ट्रॅव्हल एजंटकडे आम्ही तिघं गेलो. तिथल्या चुणचुणीत प्राजक्ताने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. पहिली बोट म्हणजे पाण्यावर उभी केलेली टोलेजंग इमारतच. वर घसरगुंड्या, आत मॉल, बर्फाचं मैदान.

"आणि अंकल, क्लाइंबिंग वॉल पण आहे. टेन्शन नाही, बेल्ट बांधतात."

"जहाजावर भिंत चढायची?" अब्बांनी विचारलं. "अगं पोरी, मी तरनेपनी मस्तूल, म्हंजे डोलकाठी, चढलो. बेल्ट नव्हता. आता सुट्टी काढून परत चढू?"

दुसऱ्या बोटीवर डीजे नाइट होती. जाहिरातीतल्या बाईकडे मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने पाहत अम्मा म्हणाली, "हिचा पदर कुठं गेला?" प्राजक्ताने घाईघाईने तिसरं पान उघडलं.

अब्बांना मुळात जायचंच नव्हतं. समुद्र बघून बघून त्यांचं पोट भरलं होतं. पण अम्मापुढे काही चालेना म्हणून त्यांनी अट घातली. "जायाचं तर जुन्या विलायती रीतीच्या जहाजानं. बाकी सगले बाजार हायेत. खाली पानी हाय म्हनून जहाज म्हनायचं, एवढंच."

"ब्रिटिश हेरिटेज टाइप? आहे ना अंकल!" प्राजक्ता म्हणाली. इंग्लंडहून निघून निम्मं जग फिरणारी एक मध्यम आकाराची बोट मुंबईला येणार होती. मुंबईत चढायचं, गोव्याचं मार्मागोवा, कोची करत कोलंबोला उतरायचं आणि विमानाने परत.

मग अब्बांनी त्या मुलीची तोंडी परीक्षाच घेतली. दुपारी चारला चहा देतात का? कपबशीत की कागदी पेल्यात? रात्रीच्या जेवणाला लोक कपडे बदलून येतात का? चहूबाजूंनी फिरता येईल असा डेक आहे का? आणि तो लाकडी आहे की लाकडासारखा दिसणारा? बिचारी टायपत राहिली. शेवटी म्हणाली, "अंकल, मी हेड ऑफिसला मेल टाकते." दोन-चार दिवसांनी तिचा फोन आला. "मॅडम, अंकलना सांगा, लाकूड ओरिजिनल आहे. टीक!"

"सागवान," अब्बा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "मंग चला."

सामान भरताना अम्माने सुकटीच्या चटणीची बाटली आपल्या साड्यांच्या घडीत सरकवली. घरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, अशी सूचना होती. ती अम्माने वाचली नव्हती आणि मीही वाचून दाखवली नाही. विलायती जेवणाचा काही भरवसा नाही, एवढं आम्हा दोघींना न बोलता पटलं होतं.

मुंबई बंदर

बोटीत पाऊल ठेवलं आणि मी स्वतःचीच पाठ थोपटली. निवड अचूक होती. काळसर लाकडाच्या भिंती, चकचकीत पितळी कठडे, पायाखाली दाट गालिचा. भिंतीवर राजाचा फोटो. पांढरे हातमोजे घातलेले वेटर मान लववून 'गुड आफ्टरनून, मॅडम' म्हणत होते. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मुंबईत चढलेल्या आम्हा थोड्या भारतीय माणसांचाच काय तो आवाज. मधोमध रुंद जिना होता. लग्नात वधूला उतरवावं असा. अम्मा त्याच्या कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, "केवढं थंड हाय गं."

मी वळून पाहिलं तर अब्बा नव्हते.

ते सापडले एका अरुंद बोळात. तिथल्या भिंतीला पाठ टेकून, काठी पायाशी लावून ते ताठ उभे होते. समोर एक गोरी म्हातारी तशीच भिंतीला टेकून उभी होती. ती हाताने 'आधी तुम्ही' म्हणत होती, हे मान खाली घालून 'आधी तुम्ही' म्हणत होते. विलायती सभ्यता आणि खलाशी शिस्त समोरासमोर आल्या होत्या आणि रस्ता मात्र दोघांना मोकळा होता. मी मध्ये पडले नसते तर कोलंबो येईपर्यंत दोघं तिथेच राहिले असते.

"अब्बा, तिकडे मोठा जिना आहे."

"तो पाशिंजरांचा," ते म्हणाले.

"आपण पॅसेंजरच आहोत."

"व्हय, व्हय," ते म्हणाले आणि बाजूच्या लोखंडी शिडीने वर गेले. गुडघे दुखत असताना!

त्या गोऱ्या बाईंचं नाव मार्गारेट. यॉर्कशायरकडच्या, विधवा, एकट्याच निघालेल्या. पुढे जेवणाच्या टेबलावर त्या आमच्याच शेजारी निघाल्या.

संध्याकाळी बोट सुटली तेव्हा अम्मा आणि मी कठड्याशी उभ्या होतो. उरणचा डोंगर तिला डोळ्याच्या कडेने बरोबर दिसला. "तो द्रोणागिरी. त्याच्या पलीकडं मोरा. माझा बाप तिथल्या धक्क्यावर होड्या लावायचा." हात लांब करून ती दाखवत होती, पण मला नाही, शेजारच्या मोकळ्या जागेला. अब्बा दोर कसे सोडतात ते बघायला पुढच्या टोकाला गेले होते. उरण मागे पडलं तरी ते आले नाहीत.

मार्मागोव्याकडे

जेवणाच्या दालनात अब्बा आले नाहीत. भूक नाही म्हणाले. दुसऱ्या सकाळी न्याहारीलाही नाहीत. पहाटे उठून ते डेकवर जायचे, फेऱ्या घालायचे, दोरांच्या गाठी चाचपायचे. रंग उडालेला दिसला की तिथे थांबून मान हलवायचे. समोरून खांद्यावर पट्ट्या असलेला अधिकारी आला की लगेच कडेला. मला ते आधी गमतीचं वाटलं. अम्माला वाटत नव्हतं.

आम्ही दोघी मात्र विलायती रीतीभाती शिकत होतो. इंग्रज माणूस भेटला की आधी हवेबद्दल बोलतो. "लवली डे!" मी म्हटलं, यांना दुसरा विषय नाही का? अम्मा म्हणाली, "अगं, आपल्यात नाय का, 'जेवलाव का' इचारतात? तेव्हा काय लगेच ताट वाढायचं असतं?" मला एवढी वर्षं शिकवून हे सुचलं नव्हतं.

न्याहारीला एके दिवशी केजरी नावाचा प्रकार होता. भातात धुरावलेला मासा आणि उकडलेलं अंडं. मार्गारेटबाई कौतुकाने म्हणाल्या, "हे तुमच्याकडूनच आलं, तुमची खिचडी." अम्माने घास घेतला, चावला, गिळला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग मला कोकणीत म्हणाली, "आपल्या घरून नेलं ते नेलं, आन त्याची ही गत केली." मी मार्गारेटबाईंना सांगितलं, आईला फार आवडलं.

चारचा चहा खरोखर थाटाचा. वरच्या दालनात पियानो, खिडक्यांबाहेर समुद्र, तिवईवर काकडीची सँडविचं आणि स्कोन नावाचे गोल पाव. त्यावर आधी जॅम लावायचा की आधी साय, यावर मार्गारेटबाई आणि पलीकडचे एक गृहस्थ चांगलेच भांडले. भांडले म्हणजे दोघंही हसतमुखाने एकमेकांना 'क्षमा करा, पण' म्हणत राहिले. अम्माला सांगितलं तर तिला मुळीच नवल वाटलं नाही. तिच्या माहेरी आणि सासरी आंबोळीवरून असंच चालायचं.

मध्येच तिचा हात थांबला. "ते आलते ना दारात?"

मी वळले. अब्बा दाराशी आले होते. आत एक अधिकारी उभा होता, त्याला सलामाचा हात कपाळाशी नेऊन ते माघारी निघालेही होते.

"तुला दिसले?"

"दिसतील कशे एवढ्या लांबून?" अम्मा म्हणाली. "गेल्याचं कललं. त्यांच्या जान्याचाच आवाज ऐकलाय मी जलमभर."

तिने कप खाली ठेवला. मार्गारेटबाईंनी अब्बांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि अम्माच्या बशीत हळूच आणखी एक स्कोन ठेवला. मला भरून आलं आणि अब्बांचा रागही आला.

खोलीत परतल्यावर अम्मा त्यांना म्हणाली, "अवो, घरी होतो तवा तुमी समिंद्रावर. आता मी समिंद्रावर आले, तर तुमी आनखी कुठं?"

अब्बा काठी उचलून डेकवर गेले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत झाली. त्या घसरगुंड्यांच्या बोटीवर ते बिनधास्त टोपी घालून आइस्क्रीम खात बसले असते. ती त्यांना जहाजच वाटली नसती. हे मात्र इतकं हुबेहूब जहाज होतं, की त्यावर पाऊल ठेवताच ते पुन्हा टंडेल झाले होते. मार्मागोव्याला आम्ही उतरलोसुद्धा नाही.

कोची

कोचीला मात्र तिघं उतरलो, आणि जमिनीवर पाय लागताच माझे अब्बा परत मिळाले. त्यांनी अम्माचा दंड धरला. किनाऱ्यावरची ती मोठी चिनी जाळी त्यांनी तिला समजावून सांगितली. बांबू कुठून वर जातो, दगड कसे बांधलेत, किती माणसं ओढतात. ती मान वळवून कडेने बघत होती, अडलं तिथे विचारत होती. एका छोट्या खानावळीत आम्ही केळीच्या पानावर तळलेले मासे आणि जाडा लाल भात खाल्ला. अब्बा दोनदा भात घेऊन जेवले. त्यांनी अम्माच्या पानातल्या माशाचे काटे काढून दिले. गावच्या घरी ते सुट्टीवर आले की आम्हा पोरांना काढून द्यायचे, तसे.

मी विचारलंच. "अब्बा, बोटीवर काय होतं तुम्हाला?"

ते पानावर बोट फिरवत राहिले. "जमत नाय गं. त्या खुर्चीत बसायचं म्हनलं की वाटतं, आता सारंग येल आन म्हनंल, टंडेल, हितं काय करतो?"

"कुठला सारंग? ते कधीच वारले."

"वारले. पन मी वाच सोडलेली नाय ना." मग त्यांनी अम्माकडे तोंड करून सांगायला सुरुवात केली. वाच म्हणजे पहाऱ्याची पाळी. बदलीचा माणूस येऊन 'वाच माझी' म्हणत नाही तोवर जागा सोडायची नाही, मग वादळ असो की ताप. त्यांच्या शेवटच्या फेरीत जहाज एका परक्या बंदरात लागलं, तिथेच कंपनीने ते विकलं. सगळ्या खलाशांना सकाळी बॅगा भरायला सांगितल्या आणि विमानात बसवलं. अब्बांची पाळी चालू होती. "मी पुढं उभा होतो. साहेब म्हनला, चल, गाडी आली. मी म्हनलं, बदली? तो हसला. कोनाला देनार होतो वाच? माझ्या मागं मानूसच नव्हता."

मला हे माहीत नव्हतं. अम्मालाही नव्हतं. त्या वेळी ते घरी आले तेव्हा आम्ही आनंदात होतो. कायमचे आले म्हणून वस्तीत मिठाई वाटली होती.  त्यांच्या पानातला उरलेला लोणच्याचा खार अम्माने आपल्या पानात घेतला आणि बोटाने चाटला. तिला तिखट फार आवडतं.

बोटीची शिडी चढताना अब्बांनी तिचा दंड सोडला आणि ते दोन पावलं मागे राहिले.

सुकट

त्या संध्याकाळी जेवणाला थाटाचा पोशाख होता. पुरुषांना काळे सूट, बायकांना झगे. मी काळी रेशमी साडी काढायला कपाट उघडलं आणि मागे सरले. बोट हलल्याने अम्माची बाटली आडवी होऊन झाकण निघालं होतं. तिच्या साड्या, माझी साडी, अब्बांचा एकुलता एक कोट, सगळ्याला सुकटीची फोडणी बसली होती. कपाटाचं दार उघडल्याबरोबर वास बोळात गेला. विलायती बोटीच्या पातळ भिंती आणि आमची उरणची सुकट! सामना बरोबरीचा नव्हताच.

थोड्याच वेळात दारावर टकटक. शेजारच्या खोलीतल्या जोडप्याने तक्रार केली होती, की भिंतीत काहीतरी मेलं असावं. एक इंजिनिअर बॅटरी घेऊन आला, त्याच्यासोबत खोल्या आवरणारा गोव्याचा माणूस. इंजिनिअर नळ्या तपासायला वाकला. गोवेकराने एकदाच नाक वर केलं आणि त्याचा चेहरा उजळला. "बाय," तो मला हळूच म्हणाला, "ही सुकी सुंगटां न्हय?"

सुंगटां म्हणजे कोळंबी; मी होकाराची मान हलवली. त्याने इंजिनिअरला गंभीरपणे सांगितलं की नळ्या ठीक आहेत, औषधी लेपाचा वास आहे, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांचा. सूचना मोडल्याबद्दल मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "उरलीसुरली म्हाका दिवची." आम्ही दिली. मी घरचा साधा पंजाबी ड्रेस घालून त्या थाटाच्या जेवणाला गेले. मार्गारेटबाईंनी माझ्या ओढणीची तारीफ केली आणि खुर्ची किंचित लांब सरकवली.

शेवटची दुपार

ती बाटली खालच्या खलाशांच्या जेवणघरात पोचली असणार. कारण दुसऱ्या दिवशी अम्मा आणि मी डेकवर बसलो असताना एक रुंद खांद्यांचा, दाढीत पांढरे केस आलेला माणूस आमच्यासमोर येऊन उभा राहिला. पोशाख कामाचा, छातीवर शिट्टी.

"सलाम, चाची. ती सुकट तुमची का?" तो म्हणाला. "मी युसूफ, श्रीवर्धनचा. हितला सारंग. सुटून आठ म्हयने झाले घरून. काल चार घास खाल्ले आन सकाली सगल्यांना ती खायला हाका मारून उठवलं."

अम्माचा चेहरा फुलला. गाव, आडनाव, कोणाचा कोण, सगळं झालं. मग तिने विचारलं, "तू सारंग हायेस म्हनतोस?"

"हाव, चाची."

"मंग माझं एक काम कर."

तिने त्याला सगळं सांगितलं. पदर सारखा करत, न रडता, बाजारातून काही आणायला सांगावं तसं. युसूफ आधी हसत ऐकत होता. मग त्याचं हसू मावळलं. त्याने टोपी काढून पुन्हा नीट घातली. "चार वाजता वाच बदलते," तो म्हणाला. "तुमी वर चहाला जा, चाची. मी येतो."

अम्माला दालनात बसवून मी खाली आले, कारण मला राहवेना. अब्बा नेहमीसारखे डेकच्या पुढच्या वळणावर काठी टेकून उभे होते. पायाखालचं लाकूड उन्हाने तापलं होतं. युसूफ आला तो ताठ चालत. अब्बांच्या समोर थांबला.

"चाचा, चार वाजले. मी वाच घ्यायला आलो."

अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या छातीवरच्या शिट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं हे कोणाचं काम आहे ते. मला भीती वाटली की ते चिडतील, म्हणतील माझी चेष्टा करता काय. पण त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि समुद्राकडे तोंड केलं.

"डाव्या हाताला मासेमारीच्या होड्या हायेत," ते म्हणाले. आवाज मला अनोळखी, कणखर. "लांब हायेत. वारा मागून. डेक सुका. दोर बांधलेले. सगलं ठीक."

"डाव्या हाताला होड्या, लांब. वारा मागून. डेक सुका. दोर बांधलेले. सगलं ठीक," युसूफने शब्दन् शब्द परत म्हटला. "वाच माझी, चाचा. तुमी खाली जा, आराम करा."

 अब्बांनी युसूफच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

"खाली नाय, बाबा," ते म्हणाले. "मना वर जायचंय. बायको बसलीय."

मी त्यांचा हात धरायला गेले, तो त्यांनी सोडवून घेतला. मोठ्या जिन्याने ते एकेक पायरी चढले, मधोमध, पितळी कठड्याला हात न लावता. वरून एक अधिकारी उतरत होता. अब्बा कडेला झाले नाहीत. अधिकारीच थांबला, 'गुड आफ्टरनून, सर' म्हणाला. अब्बा म्हणाले, "लवली डे."

दालनात पियानो चालू होता. अम्मा खिडकीशी बसली होती, शेजारी मार्गारेटबाई. त्यांनी आम्हाला पाहिलं, आपला कप उचलला आणि त्या दुसऱ्या टेबलाकडे निघून गेल्या. अब्बांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. नीट, मागे टेकून बसले. मी दोन पावलं दूरच थांबले, मला त्यांच्यात जायचं नव्हतं.

खलाशाच्या घरी माणूस सुट्टीवर आला, की उंबऱ्याच्या आत पाय पडण्याआधी बायका एक प्रश्न विचारतात. मायेने नव्हे, हिशेब लागावा म्हणून. माझ्या आईने तो आयुष्यभर विचारला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकून आत वळली होती. आताही तिने हात पुढे करून त्यांची बाही चाचपली, माणूस तोच असल्याची खात्री केली आणि विचारलं,

"या खेपेला किती दिवस?"

"आता जायचं नाय," अब्बा म्हणाले. "वाच दिली."

 अम्माने किटली आपल्याकडे ओढली. हातमोजे घातलेला वेटर मदतीला धावला, त्याला तिने हातानेच थांबवलं. कपाच्या काठावर बोट ठेवून, अंदाजाने, तिने चहा ओतला आणि कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मंग घ्या," ती म्हणाली. "निवतोय."